एका पोत्याचा घोळ

सृष्टीनं शेवटचं वजन हॉपरच्या कडीला अडकवलं आणि शिडीवरूनच मान वाकवून खालच्या पडद्याकडं पाहिलं. आकडा हलला, थोडा थरथरला आणि जिथं थांबायला हवा होता नेमका तिथंच थांबला. तसूभर फरक नाही. एरवी ती खूश झाली असती. आज तिनं कपाळाला हात लावला आणि हळदीनं कपाळ पिवळं करून घेतलं.

"बरोबर आहे?" खालून राजवर्धननं विचारलं.

"बरोबर आहे."

"म्हणजे मशीनचा दोष नाही."

"नाही."

"मग पोतं जातं कुठं?"

सृष्टी शिडीवरून उतरली. राजवर्धन तिच्याकडं बघतही नव्हता. तो गोदामाच्या दाराकडं बघत होता. तिथं धुळा पाठीवरचं पोतं थप्पीवर टाकून, डोक्याचा टॉवेल झटकून परत पुढच्या पोत्यासाठी येत होता. सृष्टीनंही तिकडं बघितलं, आणि आपण यंत्र खरं ठरवता ठरवता काय करून बसलो हे तिला तेव्हा कळलं. यंत्र खरं असेल तर माणूस खोटा. सरळ हिशेब होता.

घोळ एवढासाच होता. सांगलीतल्या या हळदीच्या गिरणीत पोती भरायचं नवं यंत्र बसलं होतं. रोज संध्याकाळी यंत्र म्हणायचं, आज इतकी पोती भरली. गोदामातली थप्पी मोजली की त्यात एक कमी. दोन नाही, तीन नाही, रोज एकच. यंत्र सुरू झाल्या दिवसापासून हे असंच चाललं होतं.

वजनात फरक आला असता तर सृष्टी घाबरली नसती. वजन हे तिचं घरचं काम. शिरवळच्या कारखान्यात ही यंत्रं जोडताना तिनं दोन वर्षं काढली होती. हॉपर म्हणजे हळद तोलणारा मोठा डबा. तो तीन पोलादी ठोकळ्यांवर बसवलेला. वर भार आला की ठोकळा वाकतो, पण इतका कमी की जगातल्या कुठल्याही डोळ्याला दिसणार नाही. त्याला चिकटवलेली बारीक तार मात्र तेवढ्यानंही ताणली जाते, तारेतली वीज बदलते, आणि त्या बदलाचा पडद्यावर आकडा होतो. पंख्याचा वारा लागला, कुणी शिडी टेकवली, ठोकळ्याखाली हळद साचली, तरी आकडा चुकतो. सृष्टीनं पंखा फिरवून ठेवला होता, शिडी लांब उभी केली होती, ठोकळे ब्रशनं साफ केले होते. पोती मोजणारा सेन्सरही तपासून झाला होता. हॉपरची खालची झडप एकदा उघडली की एकच पोतं, दोन नाहीत. आता वजनंही अडकवून झाली. यंत्राला बोल लावायला तिच्याकडं काहीच उरलं नव्हतं.

"मॅडम, स्पष्टच बोलतो," राजवर्धन म्हणाला. वर्षभरापूर्वीच त्यानं गिरणी वडिलांच्या हातून आपल्या हातात घेतली होती आणि स्पष्ट बोलायची त्याला नवीनच सवय लागली होती. "उद्या संध्याकाळी परत मोजू. एक कमी भरलं तर एकतर तुमचं मशीन जाईल, नाहीतर धुळा. आणि मशीन बरोबर आहे असं तुम्हीच म्हणताय."

"धुळामामांना तुम्ही विचारलंत?"

"विचारलं की. सगळी पोती आली का म्हटलं. म्हणाला, समदी आली. तोंडावर!" त्याचा आवाज जरा चढला आणि लगेच पडला. "लहानपणी याच्या खांद्यावर बसून मी गणपती बघितलेत. मला काय हौस आहे का?"

तो निघून गेला. हौस नव्हती हे सृष्टीला दिसत होतं. त्यानं ते आणखी अवघड झालं.

यंत्राच्या पलीकडं पोत्यांची तोंडं शिवायचं मशीन टांगलेलं होतं. तिथं रहिमतबी मान खाली घालून शिवत होती. चक्कीच्या आवाजानं तिचे कान गेलेत असं सगळे म्हणायचे, म्हणून तिच्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलायचे. खरं तर तिला हवं ते सगळं ऐकू यायचं.

सृष्टीला या गिरणीत पहिल्या दिवसापासून माया मिळाली होती, हे कबूल करायला हवं. ती एकटीनं सांभाळत असलेली ही पहिलीच साइट. येताना बसमध्ये तिनं यंत्राचे नकाशे पुन्हा पुन्हा उलगडून बघितले होते. पण रहिमतबीनं आल्या आल्या तिच्या हाडकुळ्या दंडाला चिमटा काढून विचारलं होतं, "ह्यो एवढा लोखंडाचा सांगाडा तू उभा करनार व्हय? आदी जेव." तेव्हापासून रोज दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि काहीतरी पातळ भाजी सृष्टीच्या वाट्याची वेगळी यायची. धुळा दोघींना ताक आणून द्यायचा. आणि धुळाच्या थट्टेला तर अंत नव्हता. सृष्टीचे हात पिवळे झाले, नखं पिवळी झाली, तशी तो रोज विचारायचा, "हळद लागली, आता आक्षता कवा?" गावी वडूजला आईनं व्हिडिओ कॉलवर ते हात बघितले तेव्हा तीही किंचाळली होती, "अगं बया! न विचारता उरकून घेतलंस का काय?"

यंत्र कसं चालतं हे सृष्टीनं दोघांना नीट शिकवलं होतं. वरच्या कोठीतून हळद हॉपरमध्ये येते, आधी जाड धारेनं, मग वजन जवळ आलं की बारीक धारेनं. आणि वजन पुरं व्हायच्या आधीच वरची झडप बंद होते.

"आदीच? मग कमी न्हाई का भरनार?" धुळानं विचारलं होतं.

"नाही मामा. झडप बंद झाली तरी थोडी हळद हवेत असते ना, पडत असलेली. ती खाली येईपर्यंत वजन पुरं होतं."

"म्हंजे दूध उतू जायच्या आदी ग्यास बंद करायचा, तसं," रहिमतबी म्हणाली होती, आणि सृष्टीला शिरवळच्या साहेबांच्या साऱ्या व्याख्यानापेक्षा ते बरं वाटलं होतं.

चाचण्यांतच दोघं इतकी तयार झाली की रोजचं काम सुरू झाल्यावर सृष्टी मुद्दामच सकाळी उशिरा यायला लागली. गिरणी सातला सुरू व्हायची, ती नऊला यायची. आपण नसताना यंत्र चालतंय, तेच खरं बसवलं असं तिचं मत होतं.

त्या संध्याकाळी ती पाना-पेचकस पिशवीत भरत असताना शिरवळहून साहेबांचा फोन आला. हात पिवळे म्हणून तिनं तो स्पीकरवर घेतला.

"जुळलं का?"

"अजून नाही सर."

"सृष्टी, आठवडा झाला. उद्याही जुळलं नाही तर सरळ परत ये. पुढच्या साइटला दुसऱ्या कुणाला तरी पाठवू. तू ऑफिसात फोन घे."

शिवणयंत्र क्षणभर थांबलं आणि परत सुरू झालं.

मार्केट यार्डाच्या रस्त्यानं रिक्षा स्टँडपर्यंत सृष्टी आणि रहिमतबी बरोबर चालत जायच्या. आज रहिमतबी गप्प होती. एरवी तिच्या तोंडाला खीळ नसायची. नात रुक्सार बारावीत कशी हुशार आहे, जावई कसा आळशी आहे, सगळं त्या एवढ्याशा रस्त्यात सांगून व्हायचं.

"चाची," सृष्टीनंच शेवटी तोंड उघडलं. "पोतं कुठं जात असेल वो?"

"कुटंच जात न्हाई."

"मग कमी कसं भरतंय?"

रहिमतबी चालत राहिली. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनं उलट विचारलं, "फोनवर कोन हुतं? तुजं सायेब?"

"हो."

"उद्या न्हाई जुळलं तर तुला घालवनार?"

"घालवणार नाहीत. ऑफिसात बसवतील. फोन घ्यायला." सृष्टी हसायला गेली, पण ते जमलं नाही. "चाची, मी एवढी भांडून साइटवर आले होते. मुलगी काय शिडीवर चढणार म्हणायचे. आता म्हणतील, बघा."

"आन् धुळाचं काय म्हनत हुता राजवर्धन?"

म्हणजे तेही ऐकलं होतं. रहिमतबीनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"धुळा असलं काम करनार न्हाई. मी करीन, त्यो न्हाई करनार," ती म्हणाली, आणि रिक्षात बसली. जाताना एरवीसारखा हात केला नाही.

सृष्टीला त्या रात्री लॉजवर जेवण गेलं नाही. धुळामामा चोर नाहीत हे तिला आतून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं पडद्यावर दाखवता येत नाही. पडद्यावर एकच गोष्ट दिसत होती, आणि ती तिनंच तपासून खरी ठरवली होती.

सकाळी ती नऊला गिरणीत आली. यंत्र धडधडत होतं, धुळा पोती लावत होता, राजवर्धन अजून यायचा होता. ती पॅनेलपाशी गेली, मोजणीचं पान उघडलं. पासवर्ड तिचाच. आकड्यातला एक कमी करायला तिला पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. संध्याकाळी थप्पी एक कमी भरेल, यंत्रही एक कमी सांगेल, दोन्ही जुळतील. मामा सुटतील. मशीन राहील. पोतं जातंय कुठं ते मग निवांत शोधता येईल.

हे सगळं ठीक होतं, फक्त एक गोष्ट सोडून. शिरवळला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, काहीही खोला, काहीही बदला, पण मोजून झालेल्या आकड्याला हात लावायचा नाही. त्यावर तर सगळा धंदा. लोक त्या आकड्यावर विश्वास ठेवून माल देतात आणि घेतात. तिनं पान बंद केलं आणि दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

गंमत म्हणजे रहिमतबीही देत नव्हती. पोत्याच्या तोंडावरची तिची शिवण एरवी आखल्यासारखी सरळ जायची, ती आज नागमोडी चालली होती. दुपारच्या भाजीत मीठच नव्हतं. धुळानं एक घास खाऊन दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"कुनी मेलंबिलंय का?" तो म्हणाला.

"गप जेव," रहिमतबी खेकसली.

सृष्टीला वाटलं, चाचीला आपला राग आला. आपण यंत्राची बाजू घेतली, धुळामामांची नाही, म्हणून. तिनं तशीच आळणी भाजी संपवली.

संध्याकाळी यंत्र थांबलं. राजवर्धन आला, पडद्यावरचा आकडा बघितला आणि गोदामात शिरला. सृष्टी मागोमाग. धुळा थप्पीच्या कडेला हात बांधून उभा राहिला. रहिमतबीही आली आणि दाराच्या चौकटीला टेकली. राजवर्धननं थर मोजले, वरची सुटी पोती मोजली. थांबला. परत मोजली. मग दुसऱ्या बाजूनं जाऊन मोजली.

"एक जास्त आहे," तो म्हणाला.

धुळानं बांधलेले हात सोडले.

"अहो, एक जास्त आहे! रोज एक कमी, आज एक जास्त?" त्यानं सगळ्यांकडं बघितलं. "हे काय चाललंय काय?"

"मालक," धुळा म्हणाला, "कमी झालं तवा माझ्याकडं बघत हुता. आता जास्त झालं, तरी माझ्याकडंच बघनार व्हय?"

म्हणजे त्यालाही कळलं होतं तर. राजवर्धनचे कान लाल झाले. सृष्टीला ते बघवेना.

"मी कमी केला," ती बोलून गेली. "पडद्यावरचा आकडा. सकाळी मीच त्यातला एक काढला."

"तुम्ही? का?"

"मामांवर आळ येऊ नये म्हणून. मला वाटलं, आज पण एक कमीच भरणार, तर जुळून जाईल." तिला आता रडूच यायला लागलं. "पण मग थप्पीत एक कमी का नाही आज? मला काहीच कळेनासं झालंय."

दाराशी धपकन आवाज झाला. रहिमतबी खाली बसली होती, रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले होते आणि खांदे हलत होते. सृष्टी धावली. जवळ गेल्यावर कळलं, बाई हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"या अल्ला! अगं पोरी, तू बी? अगं, मी तुज्यापायी आज पयलं पोतं थप्पीला लावलं की गं!"

"पहिलं पोतं?" राजवर्धन म्हणाला. "कसलं पहिलं पोतं?"

रहिमतबीनं धुळाकडं बघितलं. धुळानं छताकडं बघितलं.

"चाची, सांगा," राजवर्धन म्हणाला.

"सांगायचं नसतंय ते," ती म्हणाली. पण सांगितलं. "सकाळी काम सुरू झालं, की पयलं पोतं भरायचं, आन् तसंच कोठीत परत वतायचं. ते भाईर जाऊ द्यायचं न्हाई. ते मोजायचं बी न्हाई, आन् त्याचं बोलायचं बी न्हाई. ती बरकत हाय. तुज्या आज्जापासनं चालत आलंय बाळ. तवा तागडी हुती, मग काटा आला, आता यंत्र आलं. आमी काय थांबवलं न्हाई."

"आमच्यात लाभ म्हनत्यात," धुळानं भर घातली.

सृष्टीनं डोळे मिटून घेतले. वडूजला खळ्यावर ज्वारी मोजताना बाबा पहिल्या मापाला कधी एक म्हणत नसत. लाभ म्हणत, आणि मग दोन, तीन. हे ऐकत ती मोठी झाली होती. आणि आठवडाभर ती सेन्सर पुसत बसली होती. यंत्राला बिचाऱ्याला काय माहीत! त्याची झडप उघडली की त्यानं मोजलं. तीच हळद कोठीत परत गेली, पुन्हा खाली आली, आणि यंत्रानं ती पुन्हा मोजली.

"धुळा," राजवर्धन म्हणाला, "मी तुला विचारलं होतं ना, सगळी पोती आली का म्हणून?"

"आली हुती की समदी. मी काय खोटं बोललो?" धुळाला मनापासून नवल वाटलं होतं. "त्यो लाभ, मालक. त्याला पोतं कोन म्हनंल?"

"आणि चाची, तुम्हाला माहीत होतं तर काल का नाही सांगितलं?"

"काल समजलं मला. रस्त्यात हिच्याशी बोलता बोलता समजलं, की ह्यो घोळ त्येचाच हाय. पन बोलली तर बरकत जाती, आन् न बोलली तर ह्या पोरीची साइट जाती. मग म्हनलं, एक दिस ऱ्हाऊ दे. अल्ला काय एवढा हिशेबी न्हाई. सकाळी धुळाला म्हनलं, आज पयलं पोतं वतू नगंस, मी शिवती, थप्पीला लाव. ह्यो तर तयारच हुईना."

"लय वंगाळ वाटलं मला," धुळा म्हणाला. "हात उचलंना."

राजवर्धन थप्पीला टेकून उभा राहिला. त्यानं एकदा रहिमतबीकडं बघितलं, एकदा सृष्टीकडं.

"म्हणजे मशीन खरं," तो म्हणाला. "धुळाही खरा. खोट्या फक्त तुम्ही दोघी."

आधी धुळा हसला, मग सगळेच हसले. सृष्टी तर पोट धरून हसली आणि मधेच नाक पुसत राहिली. गोदामात हळदीचा इतका धुरळा होता की हसताना सगळ्यांना शिंका आल्या.

शिंका थांबल्या. राजवर्धनला धुळाला काहीतरी म्हणायचं होतं, ते दिसत होतं, पण शब्द सापडत नव्हते. धुळा त्याची वाट न बघता टॉवेलनं मान पुसत राहिला. शेवटी रहिमतबी उठली.

"ते पोतं आजच मागं गेलं पायजे," ती म्हणाली. "रातभर भाईर ऱ्हायलं तर मला झोप यायची न्हाई."

"कुठलं पोतं? आता ह्यात कसं ओळखायचं?"

"कुटलं बी घे. बरकतीवर काय नाव लिवलेलं असतंय?"

धुळा पुढं झाला. राजवर्धननं हात आडवा धरला.

"राहू दे. मी नेतो."

"तू? आंघोळ केलीयास न्हवं?" रहिमतबीनं विचारलं.

तो थप्पीकडं वळला. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, वाकला आणि पोतं पाठीवर घेतलं. पहिल्या पावलालाच तो डळमळला. धुळानं पोत्याला हात लावला नाही, फक्त "कमरेत वाका, मानंत नगं," एवढंच म्हणाला, आणि कोठीच्या लोखंडी जिन्यावर त्याच्या मागं मागं चढला. वर जाऊन रहिमतबीनं शिवणीच्या उजव्या टोकाचा दोरा अचूक धरून ओढला. सबंध टाका एका दमात सुटला. पोतं कोठीत रिकामं झालं तेव्हा पिवळा ढग उठला, आणि तो खाली बसला तेव्हा राजवर्धनचा शर्ट, मिशा, पापण्या सगळं पिवळं झालं होतं.

"आता ह्येच्या आक्षता बघा," धुळा म्हणाला.

खाली सृष्टी पॅनेलसमोर उभी होती. तिनं काढलेला एक परत घातला आणि पान बंद केलं. रहिमतबी तिच्या मागं येऊन उभी राहिली होती.

"पोरी, येक सांगू? तू माज्या धुळासाठी केलंस, लय बरं वाटलं. पन पुना करू नगंस. पोतं मागं वतता येतंय. आकड्यावरनं मानसाचं मन उडालं, तर ते कशात वतशील?"

"नाही करणार," सृष्टी म्हणाली. तिला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. "पण तुम्हीही पहिलं पोतं सोडायचं नाही."

"मग तुजं यंत्र त्येला मोजनार, त्येचं काय?"

यावर दोघी रिक्षा स्टँडपर्यंत बोलत गेल्या. सृष्टी म्हणाली, पहिलं पोतं मोजू नकोस असं यंत्राला सांगता येईल. रहिमतबीला ते पटेना. यंत्राला कशाला असलं शिकवायचं? तोड तिनंच काढली. पहिलं पोतं तिनं हातानं भरायचं, पत्र्याच्या सुपलीनं, जसं ती तागडीच्या वेळी भरायची. ते कोठीत गेलं की मग धुळानं बटण दाबायचं. तिथून पुढं सगळं यंत्राचं. साधी गोष्ट. सृष्टीला हसू आलं, कारण असल्या गोष्टीसाठी ती आठवडाभर शिडीवर लटकली होती.

दुसऱ्या दिवशी ती सातच्या आधीच गिरणीत हजर होती. रहिमतबीनं पोतं भरलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि ते कोठीत ओतवून घेतलं. मग धुळाला मानेनंच खूण केली. हॉपर भरला, झडप उघडली, पडद्यावर पहिला आकडा आला. तो दिवस कसा गेला ते सृष्टीला कळलं नाही. दुपारी भाजीत मीठ होतं, तिखट तर जरा जास्तच होतं.

संध्याकाळी यंत्र थांबल्यावर तिनं पडद्यावरचा आकडा पाहून ठेवला आणि गोदामाच्या दाराशी राजवर्धनची वाट बघत उभी राहिली. बराच वेळ झाला तरी तो येईना. धुळा शेवटचा थर हातानं चापून चोपून बसवत होता.

"मामा, मालक कुठं आहेत?"

"त्ये? त्ये गेले की कवाच. मिरजंला काम हुतं." धुळा वळला. "तुमचा यंत्र जुळल्याचा कागद सही करून टेबलावर ठिवलाय म्हनले."

"सही केली? पण अजून थप्पी मोजायची आहे."

"मी बी त्येच म्हनलं. म्हनलं, मालक, मोजायचं न्हाई का? तर म्हनले, धुळा हाय न्हवं तितं." त्यानं हातातला टॉवेल उलगडला, परत घडी घातली. मग तो आत वळून, शिवणयंत्रावर झाकण घालणाऱ्या रहिमतबीला ऐकू जावं म्हणून उगाच मोठ्यानं म्हणाला, "चाची, ऐकलं का? मालक म्हनले, धुळा हाय न्हवं तितं."

"ऐकलं रं," रहिमतबी म्हणाली. "तिसऱ्यांदा ऐकलं."